काळ्या पडद्याचं दीड मिनिट

तीन जुलैला वहिनींनी मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरचा जळलेला पॉवर सप्लाय बदलला. बिल झालं दोन हजार तीनशे चाळीस रुपये. ही त्यांची परीक्षाच होती. काम पसंत पडलं, तर ऑफिसातल्या बावीसही मशीनच्या देखभालीचं वर्षाचं कंत्राट मिळणार होतं. तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कचा फोन आला, तोही त्यांच्या नवऱ्याला.

"साहेब, तुमच्या मिसेसनी काय करून ठेवलंय? बटण दाबलं की दीड मिनिट नुसता काळा पडदा! इकडे ड्रायव्हर पावत्यांसाठी हॉर्न वाजवतायत."

नवऱ्याला सगळे इंजिनिअरसाहेब म्हणत. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव, गल्ल्यावर ते, गप्पांत ते. अठरा वर्षांत एक स्क्रू मात्र त्यांनी फिरवला नव्हता. सगळी विद्या वहिनींची, पुस्तकं वाचून आणि हात भाजून घेऊन मिळवलेली. तरी गिऱ्हाईक मशीन वहिनींपुढे ठेवी आणि बोले नवऱ्याशी.

"मी बघतो म्हणून सांगितलंय," नवरा म्हणाला.

"बघतो? नुसतं डोळ्यांनी? चला, तुम्हीच बघा. मी बॅग धरते!"

ऑफिसात हेडक्लार्कने नवऱ्याला खुर्ची दिली. वहिनी टेबलाखाली शिरल्या. वर दोघांचा चहा सुरू झाला.

"स्वस्तातला माल लावलात का हो, साहेब?"

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बॅगेतला तसाच दुसरा सप्लाय जोडला, घड्याळ लावलं. पुन्हा दीड मिनिट.

"सप्लाय दुसरा, वेळ तोच!" त्या टेबलाखालूनच कडाडल्या. "खोट तुमच्या मशीनमध्ये आहे. आतली धूळ तरी झाडलीत का कधी?"

मग त्या एकेक वस्तू सोडवत गेल्या. हार्ड डिस्क काढली, फरक नाही. सीडी ड्राइव्हची केबल उपटली आणि दहा सेकंदांत पडदा उजळला.

त्यांनी टॉर्च मारला. ड्राइव्हच्या विजेची जागा रिकामी होती. नव्या सप्लायला एक प्लग कमी होता. हल्ली सीडीला कोण विचारतं, म्हणून परवा त्यांनीच ती जागा तशी सोडली होती आणि ड्राइव्हची दुसरी, माहिती वाहणारी केबल काढायला विसरल्या होत्या. बिचारं मशीन दर वेळी त्या निपचित ड्राइव्हला हाका मारत दीड मिनिट ताटकळत होतं.

वहिनींना स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटली. 'ड्राइव्ह गेलाय' म्हटलं असतं, तर कुणाला कळणार होतं? त्या बाहेर आल्या.

"चूक माझी आहे. ड्राइव्हला वीज द्यायची राहिली."

हेडक्लार्क खुलला. "बघा साहेब! म्हणून म्हणतो, तुम्ही स्वतः..."

"त्यांच्याकडे काय बघता? इकडे बघा! चूक मी केली, शोधली मी, निस्तरणारही मीच. सप्लाय कुठे बसतो, एवढं तरी विचारा त्यांना!"

नवऱ्याने कप खाली ठेवला. "आत... आतल्या बाजूला."

पलीकडची टायपिस्ट फिस्सकन हसली. हेडक्लार्कने पहिल्यांदाच वहिनींकडे मान वळवली. "जुन्या पावत्या सीडीवर आहेत. ड्राइव्ह चालायलाच हवा."

एका प्लगचे दोन करणारी वायर ऑफिसासमोरच्या, त्यांच्याच धंद्यातल्या दुकानात होती. दुकानदार मिशीत हसला. "काय वहिनी, आमच्या दारी? साहेबांनी धाडलं वाटतं!"

"माझ्या चुकीने धाडलं. वायर द्या, पैशांचं लिहून ठेवा. पाकीट दुकानात राहिलंय."

वायर जोडली. पडदा अकराव्या सेकंदाला उजळला. कंत्राट मिळालं, पण वर्षाचं नाही, तीन महिन्यांचं. कागदावर नवऱ्याचं नाव होतं. वहिनींनी ते खोडलं आणि कागद स्वतःच्या नावाने पुन्हा टाइप करायला लावला.

रस्त्यात नवरा म्हणाला, "चारचौघांत एवढं बोलायला नको होतं."

"अठरा वर्षं मला चारचौघांतच गप्प बसवलंत ना? मग बोलणंही चारचौघांतच होणार!"

समोरच्या दुकानातल्या वायरचे ऐंशी रुपये अजून द्यायचे राहिले आहेत.