गुढियारीतल्या कॉम्प्युटरचं निरीक्षण

रायपूर स्टेशनाबाहेर मी रिक्षावाल्याला माझ्या पुणेरी हिंदीत विचारलं, "भैया, गुढियारी आओगे क्या?" तो म्हणाला, "हव" (होय). मला 'हवं' ऐकू आलं, आणि याला काय हवंय याचा विचार करत मी बॅग धरून तशीच उभी राहिले.

राज्य नवं, राजधानी नवी, आणि गुढियारीतल्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात कॉम्प्युटरही नवा. नर्स तो वापरतात का, नसतील तर का नाही, हे कोपऱ्यात गप्प बसून टिपायचं, हा माझा पीएच.डी.चा विषय.

तिथल्या नर्स शोभाताई (नाव बदललंय) मूळच्या वर्ध्याच्या, पन्नाशी उलटलेल्या. दोन दिवस मी स्टुलावर बसून पाहिलं. त्या प्रत्येक पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर भरत होत्या. एका बोटाने, पण न चुकता. मी वहीत लिहिलं, 'स्वीकार संपूर्ण.' माझा विषयच संपला. त्या दुःखात संध्याकाळी चौदा गुपचूप (आपली पाणीपुरी) खाल्ले.

तिसऱ्या दिवशी निरीक्षण करता करताच मी पोट धरून स्टुलावरून खाली कोसळले. शोभाताईंनी मला खाटेवर आडवं केलं, सलाइन लावलं आणि खणातून एक जाडजूड रजिस्टर काढलं.

"पूर्ण नाव सांगा."

"ताई, कॉम्प्युटर?"

"त्याले आधी पिनकोड पायजे, मंग बापाचं नाव. पोट दुखते हे चौथ्या पानावर. तवरी तुमी काय करसान?"

"मग हे दोन दिवस?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमी सारं लिहून राहिल्या होत्या. मले वाटलं, वरती तक्रार जाते. माही नोकरी दोनच वर्सं राहिली. लोक दारापर्यंत उभे होते, दिसले नाही तुमाले?"

दिसले होते. मी ते 'वाढता प्रतिसाद' म्हणून नोंदवलं होतं. माझ्या वहीपायी तापाची पोरं दोन दिवस ताटकळली, याची मला लाज वाटली.

"तुमचं नाव कुठेही येणार नाही," मी म्हणाले. "पण हे लिहू का?"

त्यांनी सलाइनचा वेग पाहिला. "लिहा. पिनकोडचं पयले लिहा."

परतीच्या गाडीत वहीतली टिपणं चाळली. पहिले दोन दिवस सुवाच्य, मुद्देसूद आणि खोटे. तिसऱ्या दिवसाचं एकच पान, सलाइन लावलेल्या हाताने वाकडंतिकडं लिहिलेलं. शोभाताई माझ्याशी खरं बोलल्या, ते मी त्यांची पेशंट झाले तेव्हा. संशोधनाच्या कुठल्याही पुस्तकात ही पद्धत दिलेली नाही. आमच्या गाइड सरांना ती कशी सांगायची, हे मला पुणं येईपर्यंत सुचलं नाही.