मैदानातला परिपाठ

मरिया भिंगारदिवे बाई अंगणात उभ्या राहून "सावधान!" म्हणाल्या की स्टाफरूममधल्या गुरुजींच्याही टाचा जुळतात, असं कर्जतजवळच्या त्या शाळेत गमतीनं सांगतात. सकाळचा परिपाठ वर्षानुवर्षं बाईंचाच. घरी सून त्यांचं ऐकत नाही, नवरा टीव्हीचा आवाज कमी करत नाही. इथं मात्र त्यांनी भुवई उचलली की अख्खी शाळा गप्प.

म्हणून स्नेहल आली आणि बाईंच्या पोटात दुखू लागलं. विज्ञानाची नवी शिक्षिका. पोरं तिला 'मॅडम' म्हणत, पोरी तिच्यासारखी वेणी घालत. त्यात आग लागली तर इमारत रिकामी करून मुलांनी कुठं जमायचं, हे ठरवायचं काम हेडसरांनी तिलाच दिलं. तिनं मागचं कबड्डीचं मैदान निवडलं आणि स्वतः हिरवी पाटी रंगवून तिथं रोवली.

"तिथं ऊन किती! आणि कुसळं," बाई डबा उघडत म्हणाल्या. "अंगण काय वाईट आहे?"

"बाई, अंगण दोन्ही बाजूंनी इमारतीला चिकटलंय. वरून काचा पडतील."

"इतकी वर्षं नाही पडल्या."

हेडसर हसले. "अहो बाई, करू द्या की पोरीला."

पोरीला! बाईंना भाकरी गोड लागली नाही.

सरावाच्या दिवशी घंटा एकसारखी वाजू लागली. बाई सगळ्यांत आधी जिना उतरल्या आणि अंगणात आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. मुद्दाम, की सवयीनं, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. मुलं उतरली, बाईंना पाहिलं आणि रांगा धरल्या. बुटकी पुढे, उंच मागे, एक हात अंतर. कोणीतरी प्रार्थनासुद्धा सुरू केली.

"मैदानात! मैदानात चला!" स्नेहल ओरडत होती. कोणी हललं नाही.

बाईंना आतून गुदगुल्या झाल्या. बघ म्हणावं, पाटी रोवून कोणी तुझं होत नसतं.

अंगणाच्या कोपऱ्यातल्या स्वयंपाकखोलीतून लंकाबाईनं डोकं काढलं. "आगं बया! आज लौकर भूक लागली व्हय? खिचडी शिजायची हाय अजून."

तिच्यामागे शेगडी भडकलेली होती, शेजारी सिलिंडर. पहिल्या रांगेतली पाचवीची पोरं त्या दारापासून हातभर अंतरावर हात जोडून, डोळे मिटून उभी. बाईंनी शेगडीकडे पाहिलं, मग पोरांकडे. खरी आग लागली तर ही अशीच उभी राहतील. माझ्यासाठी.

"सावधान!" त्यांचा आवाज चिरकला. "डावीकडे वळा. मैदानाकडे, पळत!"

अंगण क्षणात रिकामं झालं.

"बाई, तुमच्यामुळेच जमलं," स्नेहल धापा टाकत म्हणाली. ती मनापासून बोलत होती, हेच बाईंना जास्त झोंबलं.

दुपारी त्या हेडसरांकडे गेल्या. "उद्यापासून परिपाठ मैदानातच. रोज उभी राहतील तिथंच पोरं पळणार."

"अय्या, खरंच!" तिथंच बसलेली स्नेहल खुश झाली. "मग सुविचार मी सांगत जाऊ?"

"नको. परिपाठ माझा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येत होतं, पायाला कुसळं टोचत होती. बाईंनी जागा नीट पारखली आणि त्या हिरव्या पाटीच्या अगदी पुढ्यात उभ्या राहिल्या. पुढच्या रांगांना पाटी काही दिसत नव्हती.