टेलरमामांच्या तीन वाटा

आमच्या गावातल्या निम्म्या पोरांना धावायला शिकवणारा माणूस स्वतः कधी धावताना दिसला नाही. टेलरमामा पहाटे सायकल घेऊन तलावाच्या पाळीवर यायचे. गळ्यात शिलाईचा टेप, कानावर खडू. सायकल स्टँडवर लावून ते कॅरिअरवर बसायचे आणि आमची वाट पाहायचे. उशिरा आलेल्याला रागवायचे नाहीत, फक्त गळ्यातला टेप काढून दोन बोटांवर गुंडाळत बसायचे. तो पूर्ण गुंडाळून होईपर्यंत कोणी काही बोलत नसे.

गाव आमचं भंडारा जिल्ह्यात, अड्याळहून आत, पहाडीच्या पायथ्याशी. धानाच्या बांध्या, तलाव, जंगल, आणि घरटी एक तरी पोरगा नाही तर पोरगी पोलीस भरतीचा फॉर्म भरलेली. मामाही त्यांच्या काळी भरतीला गेले होते. धावण्यात पहिले आले आणि छातीत गेले. फुगवून पाच सेंटिमीटर वाढायला हवी होती, ती चारच वाढली. मग शिलाई शिकले. "ज्या टेपानं मले घरी धाडलं, त्याच टेपावर पोट भरून राहिलो," असं ते गिऱ्हाइकाच्या शर्टाचं माप घेता घेता सांगायचे आणि हसायचे. मला त्या हसण्याची कधी खात्री वाटली नाही.

धावायच्या वाटा त्यांनी त्याच टेपानं मोजल्या होत्या. दीड मीटरचा टेप आणि तलावाची अख्खी पाळ! एक टोक मामींच्या हातात, एक मामांच्या, आणि दोघं नवराबायको वाकून वाकून सरकताहेत. लोक म्हणाले, टेलर पागल झाला. कोणीतरी दोर घ्यायला सुचवलं तर मामा म्हणाले, दोर ओढला की लांबतो, त्याच्यावर भरोसा नाही. मोजून झाल्यावर त्यांनी दुकानातल्या कापडाच्या कतरणी झाडांना बांधल्या. पाळीच्या वाटेला पिवळ्या, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, वाटेला निळ्या, पहाडीच्या वाटेला लाल. नवख्यांना पिवळी, सहा महिन्यांनी निळी, आणि दम आला की लाल. आमच्याकडे 'लाल झाली का' असं विचारलं की पोरगी चढ धावायला लागली का, हेच विचारलेलं असायचं.

मामांचा खरा नियम वेगळाच होता. धावून आलं की टाइम नंतर, आधी विचारायचे, "काय पाह्यलं?" रोज एक नवीन गोष्ट सांगायची, नाही सांगितली तर पुन्हा एक चक्कर. मी धावायची तेव्हा मला माझ्या पोटातल्या कळेशिवाय काही दिसत नसे. एकदा दडपून सांगितलं, मोर पाहिला. मामांनी विचारलं, शेपटी कोणत्या बाजूला होती? मी दोन चकरा धावले. "पाय दुखते तं डोये कामाले लाव," ते म्हणायचे. "डोये गुंतले का पायाले दुखाची आठवण नाई राहत." आज मी शहरात पोलिसात आहे, ग्राउंडवर गोल गोल धावते, आणि कबूल करते की म्हातारा बरोबर होता. पहाडीच्या माथ्यावरून खाली दोन तलाव दिसायचे, मधे बांध्यांचे चौकोन, फाल्गुनात चढाच्या दोन्ही अंगांना पळस पेटलेला. तिथं पोहोचेपर्यंत आपण मरतो आहोत हे खरंच विसरायला व्हायचं.

या परीक्षेत प्रणाली कधी नापास झाली नाही. प्रणाली म्हणजे माझी मैत्रीण, मामांच्या घरामागचंच घर. ती यायची आणि धापा टाकत सांगायची, नहराच्या मोरीत कुत्री व्याली आहे, पाच पिल्लं, एक पांढरं. मामा दुसऱ्या दिवशी जाऊन मोजून यायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. प्रणालीत त्यांचा जीव होता हे गावाला दिसत होतं, आणि मला त्याचा हेवा वाटायचा.

लाल वाट मात्र होळीनंतर बंद असायची. मोहफुलं पडायला लागली की मामा स्वतः चढून जायचे आणि एकूण एक लाल कतरण सोडून आणायचे. त्या दिवसांत पहाटे बाया टोपल्या घेऊन मोहाखाली वाकलेल्या असतात आणि अस्वलंही त्याच फुलांसाठी उतरतात. मोहवाल्या बाया बोलत, खोकत, डबे वाजवत जातात. धावणारं माणूस एकटं आणि मुकाट असतं. "हा महिना पहाडी आपली नाई," एवढंच मामा सांगायचे, आणि कोणी वाद घालत नसे.

वाद आम्ही घातला. प्रणालीच्या वयाची ती शेवटची भरती होती. आधी दोनदा ती एक-दोन गुणांनी राहिली होती, दोन्ही वेळा आठशे मीटरच्या शेवटच्या तुकड्यात. घरच्यांनी साफ सांगितलं होतं, यंदा नाही लागली तर आलेलं स्थळ करायचं. ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तारीख आली ती नेमकी मोहाच्या दिवसांत. चढावर धावल्याशिवाय तिचा शेवटचा दम वाढणार नव्हता, हे तिलाही कळत होतं आणि मामांनाही. चार दिवस ती त्यांच्या दुकानात जाऊन बसली. मीही बसले, माझंही काम त्यातच होतं. पाचव्या दिवशी मामा लाल कतरणी घेऊन पहाडी चढले.

"पंधरा दिवस फक्त," ते म्हणाले. मग प्रणालीकडे वळून बोलले, "अन् आता पाहाचं-बिहाचं सोड. इकडं तिकडं नोको पाहू. खाली मुंडी घालून धाव. तुले आता दोन सेकंद पाह्यजे, बाकी काई नाई." मला ते ऐकून बरं वाटलं. म्हटलं, चला, माझ्याही चकरा वाचल्या.

नवव्या दिवशी मी आधी धावून आले होते आणि मामांच्या शेजारी उभी राहून मोबाइलवर तिचा टाइम पाहत होते. ती यायची वेळ टळली. आणखी थोडा वेळ गेला आणि वरून बायांचा आरडाओरडा ऐकू आला. मामांनी सायकल पडू दिली आणि ते धावले. मी त्यांना धावताना पाहिलं ते त्या दिवशीच, आणि मी मागे राहिले.

मोहवाल्या बायांनी आणि माणसांनी काठ्या आपटून अस्वल हाकललं होतं. प्रणाली वाटेवर उताणी पडली होती. मी काय पाहिलं ते इथं लिहीत नाही. फुलं गोळा करायला पसरलेल्या लुगड्यात घालून तिला खाली आणलं, भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. ती वाचली. डावा डोळा गेला, आणि चेहऱ्याची ती बाजू डॉक्टरांनी जमेल तशी शिवली.

आठच दिवसांनी माझं ग्राउंड होतं. मी जाणार नाही म्हणाले तेव्हा मामा घरी आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "जाय माय. दोघीचंही नासवू नको." मी गेले आणि लागले. पेढे वाटले नाहीत, तरी आईनं देवापुढं ठेवलेच, आणि मी ते खाल्ले.

मामांनी तिन्ही वाटांवरच्या कतरणी काढून टाकल्या. पाळीवर पोरं काही दिवस आली, मामा नाहीत हे पाहून परत गेली, मग भंडाऱ्याच्या क्लासला जाऊ लागली. मामा कपडे शिवत राहिले. संध्याकाळी दुकान बंद करून ते प्रणालीच्या अंगणात जाऊन बसत. तिची आई चहा देई. प्रणाली आतल्या खोलीतून बाहेर येत नसे, एक शब्द बोलत नसे. अर्ध्या तासानं मामा उठून घरी जात. असं चार वर्षं चाललं. मी सुटीवर गेले की मामींकडून हेच ऐकायची. मामी सांगायच्या, रात्रीचं जेवण निम्मं तसंच राहते, शर्ट तं आता खुंटीवर टांगल्यासारखे दिसते.

मी एकदा त्यांना म्हटलं, मामा, चूक आम्हा सगळ्यांची होती, हट्ट आम्ही धरला. त्यांनी मशीन थांबवलं. "हट्ट तुमचा होता, मुंडी खाली घाल मी म्हणलं," ते म्हणाले. "जिंदगीभर दुनियेले पाहा पाहा म्हणलं, अन् तिलेच नोको पाहू म्हणलं. तिनं वर पाह्यलं असतं तं दुरूनच दिसलं असतं थे जनावर. तिचा डोया मी काढला." मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं.

मागच्या उन्हाळ्यात मामा गेले. दुकानात मशीनवरच छातीत कळ आली. मी रजा टाकून पोहोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधणं सुरू होतं. मी मागच्या परसात जाऊन बसले. थोड्या वेळानं प्रणाली आली. चार वर्षांत तिला उजेडात पहिल्यांदा पाहत होते. ओढणी चेहऱ्यावरून घेतलेली होती. ती माझ्या डाव्या हाताला बसली, म्हणजे तिची चांगली बाजू माझ्याकडे राहील अशी.

"मी पाह्यलं होतं त्याले," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे.

"अस्वलाले. मुंडी खाली कुठं घालता येते मले? वळणावरूनच दिसलं. मोहाखाली खाऊन राहिलं होतं. वाटलं, थांबली तं टाइम जाते. बाजूनं निंघून जाईन म्हणलं."

मी विचारलं, हे मामांना कधी सांगितलंस? तिनं नकारार्थी मान हलवली.

"काहून नाई सांगतलं?"

"रोज येऊन बसे नं थे," ती म्हणाली. "मी आतून पाहो. मले बरं वाटे. म्हणलं, कोणी तरी भोगून राहिलं माह्या संगं. सांगतलं असतं तं येनं बंद केलं असतं त्याईनं, मंग मी एकलीच राहिली असती." समोरून कोणीतरी माणसांना हाका मारू लागलं होतं, उचलायची वेळ झाली होती. तेव्हा तिनं विचारलं, "सांगाले पाह्यजे होतं नं मी?"

माझ्या नोकरीत लोक मला रोज खोटं सांगतात आणि मीही गरज पडली की सांगते. त्या वेळी एक सांगता आलं असतं.

मी हो म्हणाले. ती उठली, ओढणी चेहऱ्यावरून मागं टाकली, आणि पुढच्या अंगणात सगळ्यांच्या देखत मामींजवळ जाऊन बसली.