जगायला गेले, राहायला नाही

चारोटीच्या नाक्यावर बा मला नाशिकच्या एसटीत बसवायला आला होता. नर्सिंग करून मला तिथल्या एका खासगी दवाखान्यात नोकरी लागली होती. माझी पिशवी वर ठेवून तो खाली उतरला, खिडकीशी आला आणि म्हणाला, "जगायला चाललीस, राहायला नाय. ध्यानात ठेव."

आमच्या सायवनकडची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. भट्टीवर कुडाचं खोपटं घालायचं, कशात जीव अडकवायचा नाही आणि भातलावणीला घरी यायचं. बाची सगळी हयात अशीच गेली. त्याचं काही चुकलं नाही, पावसात भट्टी बंदच होते. पण मी शहाणी पक्क्या नोकरीतही खोपटं घालून बसले!

मॅट्रनबाई म्हणाल्या, "वॉर्डची इन्चार्ज हो." मी म्हटलं, "मॅडम, मी आज ना उद्या गावी जाणार. कशाला उगाच?" डिप्लोमानंतरची पोस्ट बेसिकची डिग्री कर, दवाखाना रजा देईल, असंही त्यांनी सुचवलं. तेव्हाही माझं तेच. खरं सांगू? गावाचं नुसतं निमित्त होतं. इंग्रजीतून पेपर लिहायचे म्हटलं की मी विषयच बदलायचे. तोंडातून 'नाय' निघालं की बाकीच्या सिस्टर फिदीफिदी हसायच्या. आपली झेप सलाईन लावण्यापर्यंतच, असं मी ठरवूनच टाकलं. वर पगार वेळेवर, ड्युटी अंगवळणी पडलेली. सुखासुखी डोक्याला ताप कोण लावून घेईल?

तलासरीची सुनीता माझ्याच हाताखाली तयार झाली. ड्युटी संपली की ती अभ्यासाला बसायची. मी चिडवायचे, "काय गं, कलेक्टर व्हायचंय का?" ती हसायची आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायची.

गेल्या वर्षी आमच्या गावाकडे, कासाजवळ, नर्सिंगची नवी शाळा निघाली. मुलींना आपल्या बोलीत समजावून सांगेल अशी शिकवणारी हवी होती. अहो, जागा जणू माझ्यासाठीच! धावतपळत गेले. समोरच्या बाई छान बोलल्या. मग त्यांनी विचारलं, "डिग्री? वॉर्ड कधी सांभाळलात?" दोन्हीला 'नाही' म्हणावं लागलं. बाहेर येऊन खूप रडले. ज्या गावी परतायचं म्हणून मी नाशकात काहीच झाले नाही, त्या गावालाच आता मी पुरी पडत नव्हते.

ती जागा सुनीताला मिळाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तिचा फोन आला, "ताई, इथे तुम्हीच हव्या होत्या." मनापासून म्हणाली, म्हणून जास्त लागलं. यंदा मी पोस्ट बेसिकला नाव घातलंय. बैल गेला नि झोपा केला म्हणा हवं तर.

सुरतेला, वापीला गेलेल्या माझ्या माणसांनो, परत यायचंय ना? मग तिथे मिळेल ते शिकायला मागे राहू नका. माझ्यासारखं करू नका रे.

परवा ड्युटीवरून निघताना आयशी फोनवर बोलत होते. इतकी वर्षं मी 'रूमवर चालले' असंच सांगत आले, नाशिकला 'घर' कधी म्हटलं नाही. बोलता बोलता आय म्हणाली, "ठेव आता. दमली असशील. तुझ्या घरी जा."

तिच्या मनात काहीच नव्हतं. मी नुसतं "बरं" म्हटलं.