आठ जागांचा मालक

परतूरहून संभाजीनगरला रोज अपडाऊन करणाऱ्यांत रामप्रसादइतका नावडता माणूस दुसरा नव्हता, आणि त्याला याची लाज तर सोडाच, वर अभिमान होता. वय बावन्न, एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. एकोणीस वर्षं एकच गाडी, एकच जनरल डबा, दारापासूनचे तिसरे समोरासमोरचे दोन बाक. या दोन बाकांवर आठ माणसं बसतात. ती आठही जागा रामप्रसादच्या होत्या. सातबारा तेवढा नावावर नव्हता.

नांदेडकडून येणारी सकाळची गाडी परतूरला सातच्या सुमारास लागते. ती पुरती थांबायच्या आत हा पठ्ठ्या दांडी धरून आत असायचा. एका जागेवर पेपरची पहिली घडी, दुसरीवर दुसरी, तिसरीवर टॉवेल, पुढे छत्री, डब्याची पिशवी, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर. आठव्या जागेवर, खिडकीशी, तो स्वतः. मग जालना येईपर्यंत पाऊण-एक तास त्याचं एकच काम, जो बसायला येईल त्याला हाकलणं.

"जागा धरलेली हाये."

"कुणाची?"

"सायबांची. जालन्याला चढणार हायेत."

"जालना येईपर्यंत तरी टेकू द्या की."

"एकदा टेकला की माणूस उठत न्हाई. पुढं बघा."

म्हातारा असो, कडेवर लेकरू असलेली बाई असो, रामप्रसाद कुणालाही भीक घालत नसे. लोक तोंडावर शिव्या द्यायचे. एकदा मंठ्याच्या एका पहिलवानाने त्याची कॉलरही धरली होती. कॉलर फाटली, पण टॉवेल जागचा हलला नाही.

हे सगळं कुणासाठी, तर जालन्याला चढणाऱ्या सात जणांसाठी. कॉलेजात शिकवणारे अवधूत सर, बँकेतल्या उमा मॅडम आणि तशीच इस्त्रीतली आणखी पाच माणसं. एकोणीस वर्षांपूर्वी कधीतरी अवधूत सर त्याच्याजवळ उभे होते. त्याने सरकून जागा दिली. "वा, तुमच्यामुळे बसायला मिळालं," सर म्हणाले. एवढंच. शेतकऱ्याच्या घरातून कचेरीत आलेल्या, साहेबांच्या टेबलाशी कायम उभंच राहिलेल्या या माणसाला ते वाक्य असं काही भिडलं, की दुसऱ्या दिवसापासून त्याने सरांसाठी जागा धरायला सुरुवात केली. एकाच्या दोन, दोनाच्या सात झाल्या. त्याला पैसा नको होता, बढती नको होती. या सात जणांनी आपल्याला आपल्यातला म्हणावं, एवढीच त्याची हाव होती. घरी तो "आमचे सर असं म्हणाले, आमच्या मॅडम तसं म्हणाल्या" करत जेवायचा.

"तुमचे म्हंजी कोण लागतेत ते?" बायको, मीना, विचारायची. "पोरीच्या लग्नाला सातातला एक तरी आल्ता का परतूरला?"

"कामाची माणसं हायेत ती. तुला न्हाई कळणार."

मीनाला चांगलंच कळत होतं. ती बापडी पुढची भाकरी वाढायची.

परतूरच्या पुढच्याच रांजणीला शिवकन्या नावाची एक बाई चढायची. संभाजीनगरच्या एका दवाखान्यात ती आया होती. अकरा वर्षं तिने रामप्रसादच्या बाकांशेजारी उभं राहून प्रवास केला होता. एका दिवाळीच्या आगेमागे तिचा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हाही त्याने "जागा धरलेली हाये, पुढं बघा" असंच म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि संडासाच्या दारापाशी खाली बसली. सर आणि मॅडम जालन्याला तिच्या पायावरून पाय टाकून आत आले होते. नंतर पाय बरा झाला तरी तिने रामप्रसादला पुन्हा कधी जागा मागितली नाही. फक्त त्याच्याकडे बघत उभी राहायची. रामप्रसाद पेपरात तोंड घालायचा. पेपराला भोक पाडेल अशी ती नजर होती.

आणि मग यंदा एक नवी गाडी आली. जालन्याहून सुटणारी, थेट संभाजीनगर, मधे कुठंही न थांबणारी. सगळे डबे आरक्षित, पास चालत नाही, प्रत्येकाच्या तिकिटावर जागेचा नंबर. रामप्रसादने बातमी वाचली आणि हसला. जास्तीचे पैसे मोजून रोज कोण जाणार? मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस कुणी गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नव्हतं. माणसं कामात असतील, असं तो धरून चालला.

सोमवारी गाडी जालन्याला लागली. रामप्रसादने सवयीने बाटली उचलली, टॉवेलची घडी केली. एक मिनिट गेलं, दोन गेली. कुणी आलं नाही. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. त्याच फलाटाच्या दुसऱ्या अंगाला नवी कोरी गाडी उभी होती आणि तिच्या दाराशी सातही जण मोबाईलवर आपापला नंबर बघत होते. त्याने हाक मारली. उमा मॅडमनी वर पाहिलं आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं.

गाडी जालन्याला दहा मिनिटं थांबते. तो खाली उतरला.

"सर, आपली गाडी हिकडं हाये."

"अहो रामप्रसाद," अवधूत सर म्हणाले, "आम्ही आजपासून हिच्यात. नंबर छापूनच येतो, धरायची भानगड नाही."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"ग्रुपवर टाकलं होतं की," उमा मॅडम बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"कोणत्या ग्रुपवर?"

मॅडमनी मोबाईल पर्समध्ये टाकला. नवा ग्रुप सात जणांचा होता, हे समजायला रामप्रसादला उत्तराची गरजही नव्हती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एकोणीस वर्षं शिव्या खाल्ल्या मी सर. लोकांनी गचांडी धरली माझी. तुमच्यासाठी."

सरांनी पाठीवरची बॅग सारखी केली. "आम्ही कधी म्हटलं होतं का तसं?"

खरंच म्हटलं नव्हतं कधी. रामप्रसादने एकोणीस वर्षं चाळून पाहिली. सात जणांपैकी एकानेही, एकदाही, त्याला जागा धरायला सांगितलेलं नव्हतं. सर नंबर शोधत आत गेले, मागोमाग बाकीचे गेले. दार आपोआप मिटलं.

तो परत डब्यात चढला तेव्हा त्याचे दोन्ही बाक भरले होते. टॉवेल, छत्री, डबा, सगळं वरच्या फळीवर फेकलेलं होतं. पेपर कुणीतरी वाचत होतं. खिडकीशी त्याच्या जागेवर शिवकन्या बसली होती. तिच्या शेजारची एक जागा मात्र रिकामी होती आणि तिच्यावर शिवकन्याने आपली कापडी पिशवी ठेवली होती.

"ताई, जरा ती पिशवी..."

"जागा धरलेली हाये."

"कोण येणार हाये?"

"बदनापूरला चढल."

समोरच्या बाकावरचा माणूस फसकन हसला. रामप्रसाद वरची दांडी धरून उभा राहिला. बदनापूरला कुणी चढलं नाही. उलट त्यांची गाडी बाजूच्या रुळावर घेतली, दहा-बारा मिनिटं ताटकळत ठेवली, आणि त्यांच्या मागून सुटलेली नवी गाडी खिडक्या थरथरवत शेजारून निघून गेली. काचेआडचं एकही तोंड दिसलं नाही. शिवकन्याने त्या गाडीकडे पाहिलं, मग याच्याकडे.

"मुकुंदवाडीला चढल," ती म्हणाली.

संभाजीनगरच्या तोंडावरच्या मुकुंदवाडीला माणसं उतरतात, चढत कुणी नाही, हे अख्ख्या डब्याला ठाऊक होतं. अर्धा किलोची पिशवी होती ती. उचलून बाजूला ठेवली असती तर कुणी फासावर दिलं नसतं. एकोणीस वर्षं त्याचा टॉवेलही असाच कुणीही उचलू शकलं असतं. का उचलला नाही, हे त्याला आज कळत होतं, कारण त्याचा हात पुढं होत नव्हता. त्याने दांडीवरचा हात बदलला. अपमान एवढा झाला होता, की रडू आलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

संभाजीनगर आलं. शिवकन्या उठली. पिशवी खांद्याला लावून त्याच्यासमोर थांबली, अकरा वर्षांत प्रथमच इतक्या जवळ.

"मी अकरा वर्षं उभी राह्यले," ती म्हणाली. "तुमचा तर पहिलाच दिवस हाये."