नाड्यात बांधलेल्या किल्ल्या

कोथरूडच्या त्या गल्लीत गाडीचं वायरिंग म्हणजे उत्तरेश्वर, हे पंधरा वर्षं ठरलेलं होतं. उस्मानाबादेकडून आलेला हा माणूस बंद गाडी दोन वायरी जोडून सुरू करायचा आणि वर हसायचासुद्धा नाही. मग किल्लीत चिप असलेल्या गाड्या आल्या. गाडीने चिप ओळखली नाही, तर वायरी कितीही जोडा, ती ढिम्म हलत नाही. २००५ साली माधवने समोरच लॅपटॉप मांडून दुकान थाटलं. दोघं एकाच गॅरेजात शिकलेले, एका डब्यात जेवलेले; पण त्या लॅपटॉपभोवती गिऱ्हाइकं दिसली की उत्तरेश्वरचा तिळपापड व्हायचा. जळायचा तो, सरळ सांगायचं तर.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हेमाताईंची नवी गाडी घरून दहा वेळा किल्ली फिरवल्यावर कशीबशी सुरू झाली, आणि माधवच्या दारात बंद केल्यावर पुन्हा सुरूच होईना. त्यांची जुनी गाडी बारा वर्षं उत्तरेश्वरने सांभाळली होती, आणि नवी थेट समोर! माधव दोन तास लॅपटॉपशी झटत होता आणि उत्तरेश्वरला सकाळचा चहा कधी नव्हे इतका गोड लागत होता.

शेवटी माधवच रस्ता ओलांडून आला, मागोमाग हेमाताई. "किल्ली ओळखत नाहीये. जरा बघतोस का?" म्हणत त्याने किल्ल्या उत्तरेश्वरच्या हातावर ठेवल्या. दोन्ही किल्ल्या पूजेच्या लाल नाड्यात घट्ट बांधलेल्या, वर हळदकुंकू. हेमाताईंच्या सासूबाईंनी दिवाळीपर्यंत सोडायच्या नाहीत असं बजावलं होतं, आणि पूजेचा नाडा माधवही कशाला सोडेल?

उत्तरेश्वरला तत्क्षणी कळलं. दोन किल्ल्या खेटून असल्या की गाडी गोंधळते आणि एकीलाही ओळखत नाही. मागच्या वर्षी अख्खा दिवस घालवून त्याने हे शोधलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. गाठ सोडली की काम फत्ते. पण माधवची फजिती आणखी थोडी रंगू दे, असं त्याच्या मनाने घेतलं. किल्ल्या परत देत तो म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही."

"असू दे हो," हेमाताई मायेने म्हणाल्या. "या गाड्या तुमच्या वेळच्या नाहीत."

शेवटी माधवने बोलावलेला गाडी ओढून नेणारा आला. त्याने एकच किल्ली मागितली, दुसरी घरी ठेवा म्हणाला. हेमाताईंनी नमस्कार करून नाडा सोडला. त्याने स्टिअरिंग मोकळं करायला किल्ली फिरवली, ती जरा जास्तच फिरली, तर गाडी सुरू झाली.

माधवने हेमाताईंच्या हातातल्या सुट्या किल्लीकडे आणि नाड्याकडे पाहिलं आणि तो स्वतःलाच हसला. तसाच तो उत्तरेश्वरकडे आला, शेजारी बसला, आणि दोन किल्ल्या जवळ आल्या की काय होतं ते त्याने हातवारे करून सावकाश समजावलं.

"आलं ना लक्षात?" त्याने विचारलं. "रोज संध्याकाळी येत जा. मी शिकवतो तुला."

हेमाताई गाडीतून कौतुकाने बघत होत्या. उत्तरेश्वरने मान हलवली. म्हणाला, "येईन."