कडेला न जिरलेल्या लहरी

ताई तशी मुंगीलाही न दुखावणारी. चुंबकीय पापुद्र्यावर तारेची नक्षी कशी मांडली की थोड्या विजेत भरपूर स्पिन-लहरी, म्हणजे चुंबकत्वाच्या लहरी, उठतील आणि विजेपासून लहरी करणारा ट्रान्सड्यूसर उत्तम होईल, हे ती प्रयोगशाळेत संगणकावर आधी चालवून बघे. गेल्या वर्षी तिची अशीच एक नक्षी शेजारच्या टेबलावरच्या टायवाल्याने सामायिक संगणकावरून उचलली आणि स्वतःची म्हणून मिरवली. ताईने तेव्हा ब्रही काढला नाही. पण गिळलेला राग काही पचला नाही.

या खेपेला तिने एक कच्चा प्रयोग मुद्दाम त्याच संगणकावर ठेवला आणि त्याला नाव दिलं 'अंतिम'. त्यात पापुद्र्याच्या कडांना लहरी जिरवायची सोयच केली नव्हती. कडेवर आपटून परतलेल्या लहरी पुन्हा मोजल्या जात आणि सुमार नक्षीही अफलातून दिसे.

टायवाल्याने आयतं ताट ओढलं. बैठकीत पडद्यावर त्याचे आकडे पाहून प्रयोगशाळेच्या प्रमुख मोठ्या बाई खूश झाल्या.

"एक बारीकशी शंका," ताई गोड आवाजात म्हणाली. "कडेला लहरी जिरवल्या होत्यात ना, भाऊ?"

टायवाल्याने घाईघाईने पडद्यावर प्रयोग उघडला; तशी सोयच नव्हती. मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "अहो, ही तर पहिल्या धड्यातली चूक. कुणी केली?"

त्याने ताईकडे पाहिलं. तिचं नाव घ्यायचं, तर चोरी कबूल करावी लागणार होती.

"माझीच," तो पुटपुटला.

"होतं असं," ताई म्हणाली, "नक्षी तुमचीच आहे म्हटल्यावर."

त्या दुपारी तिला डबा फार गोड लागला.